पांढऱ्या फुलाची कपाशी

खानदेशचा शेतकरी नव्या गोष्टीला नाखूश असतो, हे विधान सरकारी दप्तरात शंभरएक वर्षं वेगवेगळ्या शब्दांत येत राहतं. कलेक्टरच्या अहवालात ते आहे, कापूस खात्याच्या पत्रांत आहे, शेती खात्याच्या वार्षिक वृत्तांतांतही आहे. गंमत अशी की हेच कागद बाजूबाजूला ठेवून वाचले, तर त्यांतले आकडे या विधानाच्या विरुद्ध साक्ष देतात. साहेबाचा अभिप्राय एक सांगतो आणि खाली जोडलेला तक्ता दुसरंच सांगतो. या लेखात मी शक्यतो तक्त्यांच्या बाजूने राहणार आहे.

कागद कोणते, ते आधी सांगतो. मुंबईच्या व्यापारी वर्तुळातल्या वॉल्टर कॅसल्सने सरकारी दप्तर चाळून मुंबई इलाख्यातल्या कापसावर लिहिलेलं पुस्तक १८६२ मध्ये आलं. जेम्स कॅम्बेलच्या संपादनाखाली निघालेल्या गॅझेटियरचा बारावा खंड खानदेशचा आहे. तो १८८० चा. त्यानंतर शेती खात्याचे अहवाल, गॅमीचं हिंदुस्थानातल्या कापूस जातींचं वर्गीकरण, आणि १९१७ मध्ये नेमलेल्या व १९१९ मध्ये अहवाल देणाऱ्या भारतीय कापूस समितीचे कागद. हे सगळं लिहिणाऱ्यांना खानदेशाकडून काही ना काही हवं होतं. कुणाला सारा हवा होता, कुणाला लांब धाग्याची रुई हवी होती. ज्याच्याबद्दल लिहिलं त्याची सही यांतल्या एकाही कागदाखाली नाही. त्याचं म्हणणं शोधायचं तर त्याने काय पेरलं आणि काय पेरायचं सोडलं, एवढाच पुरावा हाती उरतो. कधी तो रागावला तर त्याचीही नोंद सापडते. अशी एक ठळक नोंद १८५२ ची आहे.

कंपनी सरकारने १८१८ मध्ये खानदेश घेतला तेव्हा मुलूख उजाड झालेला होता. पेंढारी, भिल्लांचे हल्ले, होळकरशाहीतली धामधूम यांत गावंच्या गावं ओस पडली होती. पांझरा, गिरणा, मोसम या नद्यांवरचे जुने दगडी बंधारे फुटलेले होते. पहिला कलेक्टर जॉन ब्रिग्ज याच्यापासून पुढच्या सगळ्यांचं एकच काम होतं, पडीक जमीन लागवडीला आणायची आणि सारा बसवायचा. मोजणी अधिकारी विंगेटने दख्खनमध्ये रुळवलेली मोजणीची पद्धत चाळिसाच्या दशकाअखेर खानदेशात आणायचं ठरलं. प्रत्येक शेताला नंबर, प्रत्येक नंबराची प्रत, प्रतीप्रमाणे तीस वर्षांसाठी ठराविक आकार. कागदावर ही योजना शेतकऱ्याच्या सोयीची होती. दर हलके ठेवण्याचा विंगेटचा आग्रहही खरा होता.

तरीही १८५२ च्या अखेरीस सावदा, फैजपूर, यावल या पट्ट्यात माणसं उठली. मोजणीच्या अधिकाऱ्यांच्या तंबूंभोवती हजारोंचा जमाव जमला. मागणी एकच होती, मोजणी थांबवा. एरंडोलकडेही वातावरण पेटलं. मॅन्सफिल्ड तेव्हा कलेक्टर होता. शेवटी फौज बोलावावी लागली. जेम्स औट्रमने १८२५ मध्ये उभी केलेली आणि धरणगावला ठाणं असलेली भिल्ल पलटण कॅप्टन मोर्सच्या हाताखाली यावल-सावद्याकडे निघाली, पुढाऱ्यांना धरलं, आणि मोजणीच्या साखळ्या पुन्हा शेतातून फिरू लागल्या.

या प्रकरणाचा सरकारी निष्कर्ष ठरलेला आहे. देशमुख-पाटलांनी रयतेला चिथावलं, कारण मोजणी झाली की त्यांनी दडवलेल्या जमिनी उघड्या पडणार होत्या. यात तथ्य असणारच. धरलेल्यांत वतनदार होते. पण हा निष्कर्ष पुरेसा वाटत नाही, आणि त्याचं कारण उठाव झाला त्या जागेत आहे. सातपुड्याच्या पायथ्यापासून तापीपर्यंतची ही पट्टी खानदेशातली सगळ्यांत कसदार. गाळाची काळी जमीन, विहिरी, बागायत, लेवा आणि गुजर शेतकऱ्यांची दाट वस्ती. धुळ्याकडच्या मुरमाड, पडीक मुलखात मोजणीविरुद्ध असं काही पेटलं नाही. ज्याच्या जमिनीत पिढ्यांची मेहनत आणि विहिरीचा पैसा गुंतला होता, त्यालाच प्रत ठरवणाऱ्या कारकुनाची धास्ती होती. दर हलका ठेवू हे आश्वासन साहेबाचं होतं. वाढत्या साऱ्याचा अनुभव मात्र शेतकऱ्याचा स्वतःचा होता. त्याने अनुभवावर भरवसा ठेवला, इतकंच. त्याला अडाणीपणा म्हणायचं तर आजच्या कुठल्याही जमीन अधिग्रहणाच्या बैठकीत बसलेले सगळेच अडाणी ठरतील.

कापसाची गोष्ट मात्र याहून लांबलचक आहे, आणि माझ्या मते जास्त बोलकी.

लँकेशायरच्या गिरण्यांना अमेरिकेवर अवलंबून राहायचं नव्हतं. कंपनीने १८४० मध्ये अमेरिकेतून कापूस लागवडीतले जाणकार आणवले, त्यांच्याबरोबर बियाणं आणि करवती जिन आले. अमेरिकन कपाशी धारवाडकडे बऱ्यापैकी रुजली, खानदेशात नाही. मग १८६१ मध्ये अमेरिकेत यादवी सुरू झाली, तिकडचा कापूस अडला आणि मुंबईत रुईचे भाव आकाशाला भिडले. त्याच सुमारास ग्रेट इंडियन पेनिन्सुला रेल्वे चाळीसगावावरून भुसावळकडे सरकत होती. खानदेशात पैसा खेळला. पण खानदेशचा कापूस होता आखूड धाग्याचा, आणि मुंबई-लिव्हरपूलच्या बाजारात त्याची पत हलकी. भेसळीच्या तक्रारी इतक्या की १८६३ मध्ये मुंबई सरकारने कापसातल्या लबाडीविरुद्ध खास कायदाच केला.

या काळात कलेक्टर ॲशबर्नरने मनावर घेतलं की खानदेशातली गावठी कपाशी हटवून तिच्या जागी हिंगणघाटची बनी लावायची. बनी म्हणजे मध्य प्रांतातली नावाजलेली जात. धागा लांब, मऊ, पिवळं फूल. वऱ्हाड-नागपूरकडून सरकीच्या गाड्या खानदेशात आल्या. तिकडचा कापूस कमिशनर रिव्हेट-कार्नॅक याच्या अहवालांत हिंगणघाटची सरकी खानदेशकडे चालल्याची दखल आहे. सरकारी यंत्रणेने जोर लावला आणि दशक संपेपर्यंत गावठी कपाशी बहुतेक मागे पडली. ॲशबर्नरच्या चिकाटीचं कौतुक झालं. बदलाला नाखूश म्हणून गाजलेल्या शेतकऱ्याने अवघ्या काही वर्षांत अख्ख्या जिल्ह्याची कपाशी बदलली होती. पण हे कुणी शेतकऱ्याच्या नावावर मांडलं नाही. ते साहेबाच्या नावावर जमा झालं.

पुढची वीस-पंचवीस वर्षं मात्र तक्रारीची आहेत. बनी बिघडली, धागा आखूड होत चालला, खानदेशची रुई पुन्हा जुन्या वळणावर गेली, असा सूर मुंबईच्या व्यापाऱ्यांचा आणि अधिकाऱ्यांचाही. भडगावला सरकारी मळा काढून नमुन्याची शेती दाखवण्याचे प्रयोग आधीपासून चालू होते. त्यांचा रयतेवर फारसा परिणाम दिसत नव्हता. विसावं शतक उजाडता उजाडता गॅमीने कपाशीच्या जाती शास्त्रशुद्ध वेगळ्या काढल्या, तेव्हा खानदेशच्या शेतात एकाच ओळीत तीन-चार जातींची सरमिसळ असल्याचं स्पष्ट झालं. आणि या सरमिसळीत एक जात वर्षागणिक वाढत होती. तिचं शास्त्रीय नाव निग्लेक्टम रोझियम. ओळखायला सोपी. बाकीच्यांचं फूल पिवळं, हिचं पांढरं. भादव्यात शेताच्या बांधावर उभं राहिलं की कोणत्या गावाने काय धरलंय ते फुलांवरूनच कळावं.

अधिकाऱ्यांच्या दृष्टीने ही पांढऱ्या फुलाची कपाशी म्हणजे अधोगतीचा कळस. रुई भरड, धागा आखूड, तिच्यापासून दहा-बारा नंबरचं जाडंभरडं सूत निघायचं. बनीतून चाळीस नंबरपर्यंत जाता येत असे. मग शेतकरी ही कपाशी का वाढवत होता?

तिच्यात रुईचा उतारा जास्त होता. शंभर शेर कापूस जिनमध्ये घातला की बनीतून साधारण सत्तावीस ते तीस शेर रुई निघे. पांढऱ्या फुलाच्या कपाशीतून अडतीस ते चाळीस. एवढ्या फरकाचा हिशेब एकदा सोडवून बघण्यासारखा आहे. सोयीसाठी भाव मी धरतो. आखूड रुई शेराला दहा, सरकी शेराला एक. शंभर शेर रोझियममधून एकोणचाळीस शेर रुई आणि एकसष्ट शेर सरकी निघाली, तर ३९० अधिक ६१, म्हणजे ४५१. बनीतून अठ्ठावीस शेर रुई आणि बहात्तर शेर सरकी. बनीच्या रुईला वीस टक्के चढा भाव मिळाला असं समजू, शेराला बारा. ३३६ अधिक ७२, म्हणजे ४०८. वीस टक्के जास्त भाव घेऊनही शंभर शेरांमागे त्रेचाळीसचा तोटा. बरोबरी साधायची तर बनीच्या रुईला साडेतेराच्या वर भाव हवा, म्हणजे आखूड रुईपेक्षा पस्तीस टक्के जास्त. हेही दोन्ही कपाशींचं एकरी उत्पन्न सारखं धरून. प्रत्यक्षात रोझियम जास्त काटक होती, लवकर तयार होत होती, हलक्या जमिनीत आणि पावसाच्या ओढीतही काहीतरी पदरात टाकत होती. पश्चिमेकडे, धुळ्याच्या बाजूला पाऊस जळगावपेक्षा कमी. तिथे ज्या कपाशीला शेवटचा पाऊस लागतो तिच्यावर घर चालत नाही.

आता पस्तीस टक्के जास्त भाव मिळत होता का? गावात येणारा व्यापारी धागा ओढून बघायचा, पण पैसे ढिगाचे द्यायचा. एकट्या शेतकऱ्याने निवडक बनी लावली तरी तिची गाडी जिनमध्ये जाऊन दहा जणांच्या मालात मिसळणार. लांब धाग्याचा मोबदला मुंबईच्या बाजारात कुणाला तरी मिळत असेल. एरंडोलच्या बांधापर्यंत तो पोचत नव्हता. पोचत होतं ते उताऱ्याचं गणित, कारण जिनवाला रुईच्या वजनावर जगतो. ज्या गावचा कापूस जास्त उतरतो त्या गावाला तो चार पैसे आनंदाने जास्त देतो.

शिवाय खरेदीदार बदलला होता, हे लँकेशायरकडे तोंड करून लिहिलेल्या अहवालांत उशिरा उमटतं. मुंबईच्या गिरण्या जाडं सूत कातून चीनला पाठवत होत्या. निप्पॉन युसेन कैशाने टाटांच्या साथीने १८९३ मध्ये मुंबई-जपान बोटी सुरू केल्या आणि आखूड धाग्याच्या हिंदी रुईला ओसाकाच्या गिरण्यांचं दार उघडलं. खानदेश-वऱ्हाडची रुई बाजारात ऊमरा नावाने जायची. जपानी गिरण्या ती अमेरिकन रुईत मिसळून वापरायला शिकल्या. म्हणजे साहेब ज्या मालाला बिघडलेला म्हणत होता त्याला गिऱ्हाईक तयार होतं, आणि तेही रोकड्याचं. ओसाका कुठे आहे हे अमळनेरच्या शेतकऱ्याला ठाऊक असायचं कारण नाही. भाव कुणाला आहे ते त्याला बाजारच्या दिवशी कळत होतं.

बियाण्याच्या बिघाडाबद्दलही एक गोष्ट नोंदवायला हवी, कारण तिचा दोष सरसकट शेतकऱ्याच्या माथी मारला गेला. हातरेच्याच्या दिवसांत घरचा कापूस घरीच रेचला जायचा. काम बायकांचं. पुढच्या पेरणीची सरकी त्यातूनच बाजूला पडायची, आणि कोणत्या शेतातली, कितव्या वेचणीची, हे घरात माहीत असायचं. वाफेवरचे जिन आले तसं हे संपलं. जळगाव, धरणगाव, अमळनेर, पाचोरा, धुळे इथल्या जिनांत सगळ्या गावांचा कापूस एकत्र पडू लागला. खाली सरकीचा एकच ढीग. शेतकरी कापूस विकून मोकळा व्हायचा आणि जूनमध्ये पेरायला त्याच ढिगातली सरकी विकत आणायचा. शुद्ध जात टिकणार कशी? ज्या यंत्राला सुधारणा म्हणून मिरवलं, त्यानेच बियाण्याची सरमिसळ केली. आणि जास्त रुई देणाऱ्या, काटक जातीची सरकी त्या मिश्रणात आपोआप वरचढ होत गेली. १९१९ च्या समितीने जिनमधल्या भेसळीवर जो भर दिला आणि पुढे १९२३ मध्ये कापसाच्या वाहतुकीवर निर्बंध घालणारा कायदा आला, त्याच्या मागे हेच निरीक्षण आहे.

शेतकऱ्याला मूर्ख समजू नये, हे सांगणारेही दप्तरात भेटतात. जॉन ऑगस्टस व्होल्कर १८८९ मध्ये हिंदुस्थानात आला, देशभर फिरला, १८९३ मध्ये त्याचा अहवाल निघाला. इथला रयत सरासरी इंग्लिश शेतकऱ्याच्या तोडीचा आहे, कुठे कुठे सरसही आहे, अडचण ज्ञानापेक्षा साधनांची आहे, असं त्याचं मत होतं. ते कौतुकाने उद्धृत होत राहिलं. कापूस खात्यात त्याचा फारसा उपयोग झालेला दिसत नाही.

बदल झाला तो धुळ्याच्या सरकारी मळ्यावर. तिथे विसाव्या शतकाच्या सुरुवातीला जाती वेगवेगळ्या लावून, वेचून, तोलून बघायला सुरुवात झाली. आणि उत्तर आलं ते शेतकऱ्याने आधीच काढलेलं. खानदेशात एकरी पैसा सगळ्यांत जास्त देते ती पांढऱ्या फुलाची कपाशी. खात्याने मग शेतकऱ्याशी भांडण सोडलं. मिश्रणातून शुद्ध रोझियम निवडली, तिला एन. आर. हे नाव दिलं आणि तिचंच बियाणं वाटायला घेतलं. जेम्स मॅकेनाच्या अध्यक्षतेखालच्या त्याच १९१९ च्या समितीने या धोरणाला मान्यता दिली. लांब धाग्याची हौस शेतकऱ्याच्या खर्चाने भागवता येणार नाही, हा त्यामागचा विचार. ॲशबर्नरच्या बनीपासून इथपर्यंत यायला सरकारला पन्नास वर्षं लागली. एन. आर. चं सरकारी बियाणं गावात आलं तेव्हा ते लोकप्रिय झालं याचं श्रेय खात्याने अहवालात घेतलं. ते आपण खात्याला देऊनही टाकू, कारण निवडीचं कष्टाचं काम त्यांनी खरंच केलं.

याच्या पुढचा टप्पा घाईने सांगता येईल. एन. आर. ला मर रोग लागायचा. उभं झाड सुकून जायचं. तिसाच्या दशकात जरिला आली. मर रोगाला दाद न देणारी, उताऱ्यात फार मागे नसलेली, आणि धाग्याने लांब. तिन्ही गोष्टी एकत्र आल्याबरोबर खानदेशने ती उचलली. कुणाला दटावावं लागलं नाही. १९४१ च्या डिसेंबरात जपान युद्धात उतरला आणि आखूड धाग्याचं मोठं गिऱ्हाईक एका रात्रीत गेलं, तेव्हा जरिलाकडे वळण्याला आणखी एक कारण मिळालं. लांब धागा नको, हा शेतकऱ्याचा हट्ट कधीच नव्हता. आपल्या तोट्यात नको, इतकंच होतं.

इथवर मी शेतकरी हा शब्द एकसंध माणसासारखा वापरला. ते तितकंसं खरं नाही. कपाशी पेरायची की ज्वारी, हे कित्येक घरांत सावकाराच्या उचलीने ठरत होतं. सावकाराला रोकड पीक हवं. ज्वारीतून कडबा मिळतो, बैल जगतात, घरात दाणे राहतात. कपाशीतून भाव चांगला आला तर पैसा, नाहीतर फक्त पराट्या. दख्खनच्या शेतकऱ्यांना सावकारीपासून संरक्षण देणारा १८७९ चा कायदा आधी पुणे, सातारा, सोलापूर, नगर या चार जिल्ह्यांपुरता होता. खानदेश त्यात नव्हता. १८९९-१९०० च्या दुष्काळात, ज्याला जुने लोक छपन्नाचा म्हणतात, कडब्याची किंमत काय ते गुरं गमावलेल्यांना कळलं. उताऱ्याचा तो हुशार हिशेब अशा वर्षी कुणाच्या कामाचा नव्हता. आणि सातपुड्याच्या कडेला ज्यांची जमीन कागदावर कधी त्यांची झालीच नाही, त्या भिल्ल-पावरा कुटुंबांचं मत तर या तक्त्यांतही नाही. ते मजुरीला वेचणीवर येत. त्यांच्यासाठी पांढऱ्या आणि पिवळ्या फुलाचा फरक ओंजळभर कापसाच्या वजनाचा असेल.

हिशेब एकट्याचाच असतो असंही नाही. धुळे जिल्ह्यातच, पांझरेच्या काठी, याच शेतकऱ्यांनी शतकानुशतकं स्वतःवर घालून घेतलेल्या नियमांचा नमुना आहे. नदीवर बंधारा, त्यातून पाट, पाटाखालच्या जमिनीचे तीन-चार फड. कोणत्या फडात यंदा ऊस, कोणत्यात भुसार, कोणता फड पडीक, हे लाभधारक मिळून ठरवायचे आणि दर वर्षी ते फिरायचं. फडातल्या एकाने मी माझं वेगळं पीक घेईन म्हणून चालत नसे. पाण्यावर देखरेख हवालदाराची, पाट सोडणं-बांधणं पाटकऱ्याचं, राखण जागल्याची. यांची मजुरी धान्यात, शेतकऱ्यांकडून. सरकारचा यात हात नव्हता. साक्री-धुळे भागात काही बंधाऱ्यांवर ही पद्धत विसाव्या शतकाच्या अखेरपर्यंत आणि थोडीफार नंतरही चालू राहिली. विहिरींवर मोटारी बसल्या, ज्याचं पाणी त्याच्या हातात आलं, तशी ती ठिकठिकाणी मोडली. स्वतःच्या पिकावरचा बंधनकारक निर्णय मान्य करणारी ही माणसं आणि १८५२ मध्ये मोजणीच्या तंबूला वेढा घालणारी माणसं एकाच खानदेशातली. फडाचा नियम मोडला तर काय होईल ते त्यांना डोळ्यांसमोर दिसत होतं, आणि नियम बदलायचा तर हवालदाराला गाठता येत होतं. विंगेटला कसं गाठणार?

आजच्या खानदेशात हाच पेच कपाशीवर पुन्हा आलेला आहे. २००२ मध्ये बीटी कपाशीला देशात परवानगी मिळाली आणि काही वर्षांत जळगाव-धुळ्यातली जवळपास सगळी कपाशी बीटी झाली. बदलाला नाखूश असण्याचा शिक्का त्यानंतर कुणी मारला नाही, उलट डोळे झाकून नव्याच्या मागे लागतात अशी तक्रार सुरू झाली. यावल, रावेर, चोपडा, शिरपूर या पट्ट्यात ठिबकवर कपाशी मे महिन्यातच लावायची रीत आहे. पूर्वहंगामी कपाशी. कारण सरळ आहे. ही कपाशी लवकर फुटते, बाजार चढा असताना विकली जाते, आणि शेत रब्बीसाठी मोकळं होतं. त्यात मका, हरभरा, गहू बसतो. पण २०१७ मध्ये गुलाबी बोंडअळीने महाराष्ट्रभर कपाशी खाल्ली. बीटीला ती जुमानेनाशी झाली होती. मे महिन्यातल्या कपाशीला लवकर फुलं येतात आणि सुप्तावस्थेतून बाहेर पडणाऱ्या पतंगांना तिथे आयता आसरा मिळतो. तिथून पुढची पिढी जूनच्या कपाशीवर जाते. हंगाम संपल्यावरही तेच पीक उभं ठेवून फरदड राखली तर अळीला वर्षभर घर मिळतं. म्हणून सरकारने काही वर्षं बीटी बियाणं १ जूनपूर्वी शेतकऱ्यांना विकायला मनाई केली होती, आणि दर उन्हाळ्यात खानदेशातून मागणी येत होती की आमच्यापुरती तारीख अलीकडे घ्या.

इथे मला शेतकऱ्याची बाजू सरसकट घेता येत नाही. १९०० साली पांढऱ्या फुलाची कपाशी लावणाऱ्याने शेजाऱ्याचं काही बिघडवलं नव्हतं. फार तर मँचेस्टरचं बिघडवलं. आज मे महिन्यातली माझी कपाशी कोरडवाहू शेजाऱ्याच्या बोंडात अळी पाठवते, आणि त्याच्याकडे ना ठिबक, ना लवकर विकण्याची सोय. ठिबकवाल्याचा हिशेब बरोबर आहे आणि तरी नुकसान दुसऱ्याचं होतं. फडावर असा तंटा आला असता तर तो पाटाच्या काठावरच मिटवावा लागला असता, कारण दोघं एकाच पाण्यावर होते. बियाणं विक्रीची तारीख मुंबई-पुण्यात ठरते, सगळ्या राज्याला एकच, आणि मध्य प्रदेश आणि गुजरात या दोन्ही राज्यांच्या हद्दी खानदेशाला लागून आहेत. तिकडून येणाऱ्या पाकिटावर इथल्या दुकानाची पावती नसते.

उद्या कुणी २०२० च्या दशकातल्या खानदेशचा इतिहास लिहायला बसला तर त्याच्यापुढे बियाणं कंपन्यांच्या विक्रीचे आकडे असतील. सरकारी परिपत्रकं असतील. आणि एक कागद असेल जो कॅम्बेलला किंवा मॅकेनाला मिळाला नव्हता. २०२१ पासून महाराष्ट्रात ई-पीक पाहणी सुरू झाली. सातबाऱ्यावरची पिकाची नोंद आता तलाठ्याऐवजी शेतकरी स्वतः मोबाइलवरून करतो, शेतात उभा राहून, फोटोसह. दप्तरात पहिल्यांदाच तो स्वतःच्या हाताने लिहितो आहे. पीक कोणतं, क्षेत्र किती, पाणी कशाचं, इतकं त्यात भरता येतं. खरिपाची ही नोंद बहुधा ऑगस्टपासून सुरू होते. तोवर मेची आणि जूनची कपाशी फोटोत सारखीच हिरवी दिसते.